एका खांद्याची पिशवी

नवीन जालना भागात भाड्याची खोली शोधायला निघालेल्या माणसाला सगळीकडे तेच प्रश्न विचारतात: आडनाव काय, पगार किती आणि मटण करता का. एका घरी मात्र मला यातलं काहीच विचारलं गेलं नाही. घरमालकांनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, खुंटीवरची एक पिशवी काढली, माझ्या खांद्यावरून तिरकी घातली आणि म्हणाले, "डोळे मीट. आता चिमटा काढ."

मी कुंभार पिंपळगावचा, बियाण्याच्या एका कंपनीत नुकताच चिकटलेला. खोलीची गरज इतकी होती की डोळे मिटून विहिरीत उडी मार म्हणाले असते तरी मारली असती. पिशवीत हात घातला तर बोटाला काहीतरी टोचलं. "ती माशी होती," काका शांतपणे म्हणाले. पुन्हा हात घातला तर नेलकटर निघालं, मग चष्मा, मग तंगुसाच्या नायलॉन दोऱ्याचं रीळ. चिमटा काही शेवटपर्यंत हाताला लागला नाही. पण काढलेली प्रत्येक वस्तू मी जिथली तिथे परत ठेवली, आणि एवढ्यावर मला खोली मिळाली. आतून काकूंचा आवाज आला, "अवो, पोराचं नाव तरी विचारलं का?"

"त्याची काय घाई हाय?" काका म्हणाले. "राहाणारच हाय ना तो आता."

ती पिशवी ट्राउट नावाचा मासा पकडण्यासाठी होती. ट्राउट बर्फाच्या पाण्यात राहतो. आमच्या जालन्यात नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना फोन करून सांगतात, आणि गार पाणी म्हणाल तर ते फिल्टरवाल्याच्या जारमध्ये. अशा गावात हा माणूस दर रविवारी सकाळी आंघोळ करून, चटईवर मांडी घालून, ट्राउटची पिशवी रिकामी करायचा आणि पुन्हा भरायचा. त्यात आणखी गंमत म्हणजे घर पक्कं शाकाहारी. काकूंच्या गळ्यात माळ. अंडं हा शब्दसुद्धा त्या घरात दबक्या आवाजात उच्चारला जाई.

काका आमच्याच धंद्यातले, निवृत्त झालेले. सगळी नोकरी कपाशीच्या संकरित बियाण्यात गेलेली. उद्या उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी हेरायची, तिच्यातले केसर नखाने अलगद काढायचे, वर लाल कागदाची नळी घालायची आणि सकाळी दुसऱ्या जातीचं फूल तिच्यावर टेकवायचं. हे काम त्यांनी गावोगावच्या बायांना शिकवलं होतं. तरुणपणी कंपनीने त्यांना एकदा फुलकोबीच्या बियाण्यासाठी हिमाचलात पाठवलं, आणि तिथेच ते बिघडले.

ती हकीकत ते कुणालाही, कधीही सांगत. गॅसची टाकी आणून देणाऱ्यालाही सांगत. "नदीत एक म्हातारा कमरेइतक्या पाण्यात उभा. हातात लांब काठी, अन् काठीची दोरी हवेत मागं-पुढं, मागं-पुढं करून राह्यला. मला वाटलं, माशा हाकलून राह्यला असल. तेवढ्यात पाण्यातून हा एवढा मासा उसळला! म्हाताऱ्यानं हात ओले केले, मासा धरला, बघितला अन् दिला सोडून. म्या म्हणलं, येडं हाय का काय! मंग जीपमधी बसल्यावर ध्यानात आलं, आपल्याला बी बिलकुल असंच येडं व्हायचंय."

येडं व्हायला सामान लागतं. पिशवी त्यांनी मोंढ्याच्या बाजारातल्या ताडपत्री शिवणाऱ्याकडून शिवून घेतली. मोबाइलवर फोटो दाखवून त्या बिचाऱ्याला त्यांनी इतकं पिडलं की तो शेवटी म्हणाला, "काका, तंबू सांगा, शिवतो. हौद सांगा, शिवतो. हे काय हाय ते तरी सांगा." पट्टा एकाच खांद्यावरून जाणारा. पिशवी एरवी पाठीवर. हवी तेव्हा काखेखालून ओढली की छातीवर येणार आणि तिचं तोंड ताटासारखं उघडणार. आत बियाण्यांच्या नमुन्यांच्या जुन्या पत्र्याच्या डब्या, आणि त्यांत काकांनी स्वतः बांधलेल्या खोट्या माश्या. बारीक आकड्याभोवती पीस आणि दोरा गुंडाळून केलेल्या. प्रत्येक आकड्याचा उलटा काटा पकडीने चेपलेला, कारण मासा सोडायचा असतो, त्याला इजा करायची नसते. डाव्या कप्प्यात तंगूस, पट्ट्याला दोरीने बांधलेलं नेलकटर, उजव्या बाजूला चिमटा, आणि पाठीमागे एका लोहचुंबकाला चिकटवलेली जाळी.

"पाण्यात उभं राहून शोधाशोध करायची न्हाई," ते मला दटावत. "मासा काय तुमच्या घरी कामाला हाय का, थांबायला? जी वस्तू घ्यायला मान वळवावी लागती, ती पिशवीत न्हाई, ती वझ्यात हाय."

मान न वळवता सगळं काढण्याची सवय त्यांच्या इतकी अंगात मुरली होती की जेवतानाही ते ताटाकडे बघत नसत. लोणचं अमुक जागी, चटणी तमुक जागी. एकदा काकूंनी मुद्दाम मिठाच्या जागी ठेचा वाढला. काकांनी समोरच्या भिंतीकडे पाहत चिमूटभर उचलला आणि भातात कालवला. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, या घरात दोन येडे आहेत.

माश्या बांधायला कोंबड्याच्या मानेवरची पिसं लागतात. त्यासाठी काका रविवारी चिकनच्या दुकानासमोर रांगेत उभे राहत, कपाळावरचा गंधाचा ठिपका तसाच. गल्लीत बोभाटा व्हायचा तो झालाच. दुकानदार त्यांना लांबूनच हात करायचा. "चचा, सारी दुनिया गोश्त ले जाती और पर फेकती. तुम पर ले जाते और गोश्त छोड़ते!" काका गंभीरपणे सांगत, "भुऱ्या कोंबड्याचे दे भाई, पांढऱ्याचे न्हाई. ट्राउटला पांढरा बराबर दिसत न्हाई." काकूंनी पिसांना घरात येण्याची परवानगी दिली होती, पण हळदीच्या पाण्यातून काढल्यावरच. त्यामुळे काकांच्या सगळ्या माश्या लग्नघरातून आल्यासारख्या किंचित पिवळ्या असत.

काकूंचं म्हणणं अगदी साधं होतं. "पकडून सोडायचा हाय ना? मंग पकडता काहून? तो आपला त्याच्या घरी बसलाय. तुम्ही इथून जाणार, त्याला बाहेर काढणार, बघणार अन् पुन्हा म्हणणार, जा. हे काय पाहुण्यानं वागायचं लक्षण हाय का?"

 यावर काका काठी उचलून गच्चीवर निघून जात.

गच्ची ही त्यांची नदी. काठी जोडून ते कठड्याशी उभे राहत आणि दोरी मागे-पुढे फिरवून माशी बरोबर समोरच्या घराच्या तुळशी वृंदावनाशेजारी टेकवत. शेजारी एक बादली पाणी भरलेली. ते पाणी हात ओले करायला. कोरड्या हाताने धरलं की माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि सोडल्यावरही तो जगत नाही. म्हणून गच्चीवर आकड्याला काहीही अडको, वाळत घातलेला टॉवेल असो की डिशची वायर, काका आधी हात ओले करणार आणि मगच ते सोडवणार. आमच्या गल्लीत वाळत घातलेले कपडे पुन्हा ओले का व्हायचे, त्याचं कारण हे.

एकदा खालून वरात चालली होती. बँड जोरात. बँडमास्तरच्या टोपीवर लाल तुरा. काकांची दोरी हवेतच होती. मी त्यांच्या बाजूला उभा होतो आणि ते मुद्दाम झालं की चुकून, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. पण गाणं ऐन रंगात असताना बँडमास्तरची टोपी त्याच्या डोक्यावरून उठली आणि झुलत झुलत आमच्या गच्चीकडे यायला लागली. बँड थांबला. घोडा थांबला. नवरदेवाने मुंडावळ्या बाजूला सारून वर पाहिलं.

"ओ साहेब, टोपी!" बँडमास्तर ओरडला.

"एक मिनिट," काका वरून म्हणाले. त्यांनी बादलीत हात बुडवले, टोपी दोन्ही हातांनी हळुवार धरली, चिमट्याने आकडा काढला आणि तिचा तुरा वरात जिकडून आली तिकडे वळवून धरला. सोडताना माशाचं तोंड प्रवाहाच्या उलट दिशेला करायचं असतं, म्हणजे त्याला दम घेता येतो. अख्खी वरात टोपी दम घेईपर्यंत उन्हात उभी राहिली. मग काकांनी ती खाली सोडली आणि बँडमास्तरने झेलली. "ओली काहून केली हो?" त्याने विचारलं. काका म्हणाले, "तिच्याच भल्यासाठी."

काकूसुद्धा एकदा गळाला लागल्या होत्या. थंडीच्या दिवसांत त्या गच्चीवर सांडगे घालत बसल्या होत्या. अंगात त्यांचा नेहमीचा चॉकलेटी स्वेटर. माशी येऊन खांद्यावर अडकली. काका बादलीकडे धावले, तर काकूंनी दोरी सरळ दाताने तोडली. "राहू द्या ती तिथंच," त्या म्हणाल्या. "लग्नापासून तुम्ही आणलेली एक तरी वस्तू अंगावर शोभून राह्यली." तेव्हापासून ती भुरी माशी त्या स्वेटरवर बसली ती बसलीच. धुण्यातही उठली नाही.

मग एका पावसाळ्यात डब्यांमधल्या माश्यांना कसर लागली. किड्यांनी पिसं खाऊन नुसते आकडे शिल्लक ठेवले. काका दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी तोंडावर तेज घेऊन खाली आले. हातात निंबोळीच्या तेलाची बाटली. "एका तेलात दोन कामं!" ते म्हणाले. "कसर लागणार न्हाई, अन् तेलामुळं माशी पाण्यात बुडणार न्हाई, वर तरंगल. हे डोकं त्या हिमाचलवाल्याला बी न्हाई." त्यांनी नव्याने सगळ्या माश्या बांधल्या आणि एकूण एक त्या तेलात बुडवून काढल्या. त्यानंतर पिशवीला असा काही वास सुटला की बैठकीत आलेला पाहुणा चहा न पिताच उठायचा. काकू म्हणत, पाहुण्यांचा खर्चा तरी वाचला.

"यंदा जाणार" हे काका दरवर्षी म्हणत. नोकरीत असताना परागीकरणाचा हंगाम आडवा यायचा, नंतर कधी मोतीबिंदू, कधी कुणाचं बारसं. मी मनात हसत असे. पण हळदीकुंकवाला शेजारणीने काकूंना सगळ्यांसमोर विचारलं, "काय हो, तुमच्या मिस्टरांचा मासा आला का?" आणि बायका खिदळल्या. काकू घरी आल्या त्या ओटीचं सामान हातात तसंच धरून काकांसमोर उभ्या राहिल्या.

"लोकं हसून राह्यले तुम्हाला. म्या हसते ते येगळं, माझा हक्क हाय. बाकीच्यांचं न्हाई ऐकून घेणार. या उन्हाळ्यात चला. म्या बी येते. एक मासा पकडून दावा, ही पिशवी मरेस्तोवर खुंटीवर राहील, म्या हूं का चूं करणार न्हाई. न्हाई सापडला, तर तिच्यात म्या भाजी आणणार."

काकांचा चेहरा उतरला. "भाजी?"

"मेथी," काकू म्हणाल्या. "ओली. देठांसकट."

त्या संध्याकाळी काका गच्चीवर आले, पण काठी जोडली नाही. कठड्यावर हात ठेवून उभे राहिले. मी म्हणालो, "काका, चांगलंच झालं की. शेवटी जायला मिळतंय." त्यांनी समोरच्या तुळशी वृंदावनाकडे बोट केलं. मग म्हणाले, "इथं माझी एक बी माशी कधी चुकली न्हाई रे. तिथं मासा न्हाई म्हणला तर?" इतकी वर्षं बारसं आणि मोतीबिंदू का आडवे येत होते, ते मला तेव्हा समजलं. मला एकदम वाईट वाटलं. मी म्हणालो, मीही येतो.

आम्ही तिघे निघालो. जालना स्टेशनवर काकांच्या पाठीला पिशवी, पायांत शेतात फवारणीच्या वेळी घालायचे गमबूट. डब्यात त्या पिशवीच्या वासाने शेजारचं कुटुंब दिल्लीपर्यंत तोंडाला रुमाल लावून बसलं. काकूंनी दशम्या काढल्या आणि त्यांनाही दिल्या, तेव्हा कुठे सलोखा झाला.

हिमाचलातली नदी काकांनी सांगितली होती तशीच निघाली. पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे दिसावेत. काकांनी परवाना काढला, गमबूट चढवले आणि पाण्यात उतरले. पहिल्याच फेकीला माशी अशी टेकली की पाण्यावर वलयसुद्धा उठलं नाही. आणि मासा आला! खालून वर, अगदी माशीच्या खाली. थांबला. वळला आणि निघून गेला. दुसरा आला, तोही गेला. दिवसभर हेच. काकांनी डबीतली प्रत्येक माशी लावून पाहिली. मान न वळवता चिमटा काढला, नेलकटर काढलं, तंगूस बदललं. पिशवीतली प्रत्येक वस्तू बरोबर जागच्या जागी होती. मासे यायचे, माशीपाशी थबकायचे आणि नको म्हणून जायचे. काकू काठावर स्वेटर घालून बसल्या होत्या. सुरुवातीला त्या मला डोळ्याने खुणावून हसत होत्या. पुढच्या दिवशी दुपारनंतर त्यांचं हसणं थांबलं.

शेवटच्या सकाळी काका पाण्यातून बाहेर आले आणि एका गोट्यावर बसले. आकड्यावरची माशी बोटांत धरून बघत राहिले. मग त्यांनी ती नाकाशी नेली. पुन्हा नेली. आणि एकदम इतक्या जोरात हसायला लागले की मला वाटलं, यांना काही झालं.

"अगं, म्या गाढव हाय गाढव!" ते म्हणाले. "सगळी नोकरी शेतकऱ्यायला हेच सांगत गेल्तो. पानावर निंबोळी मारा, अळी जवळ येईल, वास घेईल, पण तोंडात घेणार न्हाई. माशाचं तोंड काय येगळं हाय? तीन दिवस झाले, म्या नदीत फवारणी करून राह्यलो!"

मीही हसलो. पण हसता हसता त्यांनी पिशवी खांद्यावरून काढली आणि दोन्ही हातांनी काकूंपुढे धरली. "घे," ते म्हणाले. "मेथी आण." ते अजून हसत होते, पण आवाज हसत नव्हता. त्यांच्याकडे पाहवेना, म्हणून मी पाण्याकडे पाहिलं.

काकूंनी पिशवी घेतली. उघडली. डोळे मिटले, आत हात घातला आणि पहिल्याच झटक्यात चिमटा काढला. मी चाटच पडलो. मग त्यांनी त्या चिमट्याने खांद्यावरची भुरी माशी सोडवली आणि काकांच्या तळहातावर ठेवली.

"हिला तेल न्हाई लागलेलं," त्या म्हणाल्या. "हिला नुसता साबण लागलाय, अन् तो बी कवाच निघून गेला. जल्दी करा. बस निघायची हाय."

माशी पाण्यावर टेकली. वाहत आली. एका गोट्यामागून काहीतरी सरसरत वर आलं आणि यावेळी थबकलं नाही. काठी वाकली. काका ओरडले, काकू ओरडल्या, मी कुणापेक्षा कमी ओरडलो नाही. ठिपक्याठिपक्यांचा, तळहाताएवढ्याहून थोडा मोठा मासा जाळीत आला. काकांनी हात ओले केले. पण त्याआधीच काकू साडी खोचून पाण्यात उतरल्या होत्या आणि त्यांचेही हात ओले होते.

"द्या इकडं."

माळ घातलेल्या काकूंनी तो मासा दोन्ही हातांत, पाण्यातच धरला. त्याच्या अंगावरचे लाल ठिपके त्या बघत राहिल्या. कल्ले उघडत होते, मिटत होते.

"सोड आता," काका म्हणाले.

"सोडते."

"अगं, सोड. त्याचं घर हाय ते. पाहुण्यानं असं वागायचं असतं का?"

"जरा दम धरा हो," काकू म्हणाल्या. "आत्ताच तर आलाय."

पुढे माझी बदली झाली आणि जालना सुटलं. परवा कामानिमित्त गेलो होतो. न कळवता त्यांच्या गल्लीत शिरलो. दारातून आत डोकावलो तर खुंटी रिकामी.  हाक मारली, कुणी ओ दिली नाही. मागे सरून वर बघावं म्हणून रस्त्यावर आलो, तोच डोक्यावरून काहीतरी सूं करून गेलं आणि माझ्या शर्टाची कॉलर कुणीतरी अलगद वर खेचली.

"हालू नको रे!" गच्चीवरून काकूंचा आवाज आला. छातीवर तिरकी पिशवी, दोन्ही हातांत काठी. "हालू नको बिलकुल, तुटल ती! अवो, ऐकता का? आपलं भाडेकरू सापडलंय. जा खाली, अन् आधी हात ओले करा!"